लाजराला कुणी विचारलं होतं का?

नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू होण्याच्या आदल्या रविवारी, दर तिसऱ्या वर्षी, आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मत्तयकृत शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय वाचला जातो. मेंढपाळ जशी मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो, तसा मनुष्याचा पुत्र, म्हणजे येशू, सगळ्या राष्ट्रांना वेगळं करील, हा तो भाग. ‘मला भूक लागली होती तेव्हा तुम्ही मला खायला दिले’ इथपर्यंत वाचणाऱ्याचा आवाज मोकळा असतो. मग डावीकडच्यांची, शेरडांची, पाळी येते. ‘अहो शापग्रस्तहो, माझ्यापासून निघून सैतान व त्याचे दूत ह्यांच्यासाठी सिद्ध केलेल्या सार्वकालिक अग्नीत जा.’ इथे आवाज उतरतो आणि वाचन भराभर पुढे सरकतं. प्रवचनात पाळक भुकेल्याला अन्न, आजाऱ्याची विचारपूस, तुरुंगातल्याची भेट यांवर मनापासून बोलतात. अग्नीवर कुणी बोलत नाही.

मला ते उतरलेले आवाज खुपतात. आणि याच वचनांवर जे आवाज चढवतात, ते त्याहून जास्त खुपतात. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे उज्जीवन सभा व्हायच्या. मांडव, पेटी, ढोलकी, रात्री उशिरापर्यंत भजनं, सगळं मला आवडायचं. एका वर्षी बाहेरगावच्या एका वक्त्याने आम्हा मुलांना पुढे बसवलं आणि नरकाचं वर्णन सुरू केलं. त्वचा कशी जळते, तहान कशी लागते, आई कशी पलीकडून बघत राहते आणि काही करू शकत नाही. माझा धाकटा भाऊ त्यानंतर कित्येक रात्री दिवा मालवू देत नसे. त्या माणसाने सांगितलेलं एकेक वाक्य कुठल्या ना कुठल्या वचनाला टेकलेलं होतं. तरीही तो शास्त्र सांगत नव्हता, असं मला तेव्हा वाटलं होतं. आज ते मी कारणांसह सांगू शकते.

आपण शुभवर्तमानात ‘नरक’ वाचतो तिथे येशूच्या तोंडी बहुतेक वेळा एका खऱ्या जागेचं नाव आहे, गेहेन्ना. यरुशलेमच्या नैर्ऋत्येला, सियोन डोंगराच्या पायथ्याशी असलेलं हिन्नोमचं खोरं. नव्या करारात हे नाव बारा वेळा येतं, त्यांतलं अकरा वेळा येशूच्या बोलण्यात. आज त्या खोऱ्यात गवत आहे, झाडं आहेत, लोक फिरायला जातात. प्रवचनांतून नेहमी ऐकू येतं की येशूच्या काळी तिथे शहराचा कचरा अखंड जळत असे. या माहितीचा धागा जातो तो सुमारे १२०० सालच्या दाविद किम्ही या यहुदी पंडितापर्यंत, म्हणजे येशूनंतर जवळजवळ बाराशे वर्षांनी. उत्खननातून तिला आधार मिळालेला नाही. कचऱ्याची ही गोष्ट सांगितली की त्या खोऱ्याची जी गोष्ट शास्त्रात स्पष्ट लिहिली आहे ती झाकली जाते, आणि ती फार भयंकर आहे.

त्या खोऱ्यात तोफेत नावाच्या ठिकाणी आईबाप आपली मुलं अग्नीत होमत असत. आहाज राजाने हे केलं, मनश्शे राजाने केलं. पुढे योशीया राजाने ती जागा भ्रष्ट करून टाकली, तिथे पुन्हा कुणी मुलाला अग्नीतून नेऊ नये म्हणून. यिर्मया संदेष्टा त्या खोऱ्याविषयी बोलतो तेव्हा देवाचं म्हणणं असं सांगतो: मुलांना जाळण्याची आज्ञा मी कधी दिली नाही, ते माझ्या मनातही आलं नव्हतं.

मनातही आलं नव्हतं. मुलांना आगीचं भय घालणाऱ्या प्रत्येकाला यिर्मयाचा सातवा अध्याय दाखवावा असं मला वाटतं. ज्या जागेचं नाव घेऊन येशू ताकीद देतो, ती जागा माणसांनी देवाच्या नावाने केलेल्या क्रौर्याची आहे. आणि मार्कच्या नवव्या अध्यायात, हात तोडून टाक, डोळा उपटून टाक, तिथला किडा मरत नाही आणि अग्नी विझत नाही, ही सगळी कठोर वचनं येतात ती कशाच्या पाठोपाठ? ‘ह्या लहानांतील एकाला’ जो अडखळवील त्याच्या गळ्यात जात्याची मोठी तळी बांधून त्याला समुद्रात टाकावं, या वाक्याच्या. मुलांना पुढे बसवून घाबरवणाऱ्या माणसाने ती वचनं उचलली आणि ती ज्यांच्या रक्षणासाठी उच्चारली गेली त्यांच्याच अंगावर टाकली.

त्याच खोऱ्याच्या वरच्या कड्यावर १९७९ साली गॅब्रिएल बार्काय या पुरातत्त्वज्ञाच्या उत्खननात जुन्या थडग्यांतून चांदीच्या दोन अगदी लहान गुंडाळ्या सापडल्या. अलगद उलगडल्यावर त्यांच्यावर कोरलेली अक्षरं दिसली. आमच्या प्रत्येक उपासनेच्या शेवटी पाळक हात उंच करून म्हणतात तोच आशीर्वाद: ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो.’ मृत समुद्राजवळ सापडलेल्या बायबलच्या प्राचीन गुंडाळ्यांपेक्षाही शेकडो वर्षं जुना, यिर्मयाच्याच काळाच्या आसपासचा हा लेख. खाली मुलं जाळली जात होती त्याच सुमाराला वरच्या कड्यावर कुणीतरी हा आशीर्वाद आपल्या माणसाच्या देहाबरोबर ठेवला होता. कठोर वचनं वाचताना ही दोन्ही ठिकाणं मी एकत्र डोळ्यांसमोर ठेवते.

दुसरी गोष्ट मी पाहत आले ती ही की येशू हे कुणाला म्हणतो. जकातदार जक्कयाच्या घरी तो जेवायला जातो, तिथे अग्नीचा शब्द नाही. व्यभिचारात धरलेल्या बाईला तो सोडतो, तिथे नाही. विहिरीवरच्या शोमरोनी बाईशी इतकं लांब बोलणं होतं, तिथेही नाही. धिक्कार निघतो तो खोराजिना, बेथसैदा आणि कफर्णहूमसाठी, म्हणजे त्याच्या स्वतःच्या गावांसाठी, जिथे त्याची सर्वांत जास्त कामं झाली होती. न्यायाच्या दिवशी पापासाठी बदनाम असलेल्या सदोमालाही तुमच्यापेक्षा सोपं जाईल, असं तो आपल्या माणसांना सांगतो. ‘प्रभुजी, प्रभुजी’ म्हणत, त्याच्या नावाने भुतं काढत आलेल्यांना तो म्हणतो की माझी तुमची कधीच ओळख नव्हती. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर स्पष्टच आहे की न्यायनिवाड्याची सुरुवात देवाच्या घरापासून व्हायची आहे.

परूशी या यहुदी धर्मपंथावरचे धिक्कारही या घरातल्याच भांडणाचे आहेत, एका यहुद्याने यहुद्यांना सुनावलेले. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात ते एकामागून एक येतात आणि शेवटी कोंबडी पिलांना पंखांखाली घेते तसं मला तुम्हाला घ्यायचं होतं, या हुंदक्याशी थांबतात. ख्रिस्ती लोकांनी पुढे शतकानुशतकं ते शब्द बाहेरून यहुद्यांवर फेकले आणि त्याची फळं युरोपने पाहिली. रोमन कॅथलिक चर्चने येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट यहुद्यांवर लादता येत नाही हे अधिकृतपणे मांडलं ते १९६५ साली. घरात बोललेले शब्द घराबाहेरच्यांवर उगारले की काय होतं, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

नगर-पारनेरच्या माळावर धनगरांचा वाडा उतरतो तेव्हा मेंढरांत थोडी शेरडं असतातच, दुधापुरती. दिवसभर एकत्र चरतात, एकाच माणसाच्या हाकेला वळतात. पंचविसाव्या अध्यायातला मेंढपाळही स्वतःचाच कळप वेगळा करतो आहे. शेजाऱ्याचा नाही.

आता माझ्या पणजीविषयी सांगते, कारण ही वचनं मला तिच्याकडून कळली. मी तिला पाहिलं नाही. आजीने सांगितलेलं सांगते.

१८९९-१९०० च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातल्या एका महारवाड्यात तिचे आईवडील गेले. अन्नाविना गेले, मग तापाने गेले म्हणा की कशानेही. ती लहान होती. अमेरिकन मराठी मिशनने त्या दुष्काळात अनाथ झालेली जी मुलं सांभाळली त्यांत ती वाढली, तिथेच तिचा बाप्तिस्मा झाला, तिथेच ती वाचायला शिकली. म्हातारपणी तिला अख्ख्या शास्त्रात एक गोष्ट सगळ्यांत प्रिय होती: लूककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातली, श्रीमंत माणूस आणि लाजर यांची. जांभळी वस्त्रं, रोजचं मिष्टान्न, दारात फोडांनी भरलेला लाजर, मेजावरून पडणाऱ्या तुकड्यांची त्याची आस, फोड चाटणारी कुत्री. मग दोघांचा मृत्यू. लाजर अब्राहामाच्या उराशी, श्रीमंत ज्वाळेत, मध्ये मोठी दरी.

शहरातल्या, खाऊनपिऊन सुखी घरांत ही गोष्ट वाचली की लोकांना ज्वाळा टोचते. इतकं कडक कशाला, देव प्रेमळ ना? पणजीला ज्वाळेचं काहीच वाटत नसे. तिचं लहानपण भाकरतुकडा मागण्यात गेलं होतं. पाटलाच्या वाड्यापुढे लांब उभं राहून ‘जोहार मायबाप’ म्हणणारे आणि वरून पदरात टाकलेले शिळे तुकडे झेलणारे हात तिच्या बापाचे होते. तिला या गोष्टीत पहिल्यांदा कळलं की दारातल्या माणसाला नाव असतं. लाजराला नाव आहे, श्रीमंताला शास्त्राने नावच दिलेलं नाही, हे ती ज्याला त्याला सांगायची. न्यायाची वचनं काढून टाका म्हणणाऱ्यांना मला इथेच थांबवावंसं वाटतं. तुकड्यांचा हिशेब कुणीच, कधीच ठेवणार नाही असं सांगणारा देव माझ्या पणजीच्या काय कामाचा होता?

तिने दाखवलेली आणखी एक गोष्ट आजीच्या बोलण्यातून माझ्यापर्यंत आली. ज्वाळेत पडलेला श्रीमंतही लाजराशी एक शब्द बोलत नाही. बोलतो तो अब्राहामाशी, आणि म्हणतो काय, तर लाजराला पाठव, तो बोटाचं टोक पाण्यात बुडवून माझी जीभ थंड करील. ते जमत नाही म्हटल्यावर, मग त्याला माझ्या भावांकडे पाठव. मेल्यावरसुद्धा लाजर त्याच्या लेखी सांगकाम्याच आहे. नाव माहीत आहे, म्हणजे जिवंतपणीही माहीत होतं. ती दरी कुणी खणली याचं उत्तर मला या दोन मागण्यांत दिसतं. आणि तरीही अब्राहाम त्याला हाक मारतो ती ‘मुला’ अशी. ज्वाळेतल्या माणसाला उद्देशून हा शब्द का आला असेल, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, दरीपलीकडचाही परका झालेला नाही, इतकं तरी तो शब्द सांगतो.

पण पणजीच्या घरात या वचनांची दुसरी बाजूही होती. तिचे आईवडील बाप्तिस्म्याशिवाय मेले होते. त्यांनी येशूचं नाव ऐकलं तरी होतं की नाही, देव जाणे. तिला वाचायला शिकवणारी परंपरा अशा माणसांविषयी काय मानत होती, हे लपलेलं नाही. अमेरिकन मराठी मिशनची माणसं ज्या न्यू इंग्लंडहून आली, तिथे ८ जुलै १७४१ रोजी एन्फील्ड गावात जोनाथन एडवर्ड्स या पाळकाने रागावलेल्या देवाच्या हातात सापडलेल्या पाप्यांवर प्रवचन दिलं होतं. आगीवर लोंबकळणारा कोळी, अशी माणसाची दशा. १८१३ साली मुंबईत मिशन सुरू झालं आणि १८३१ साली नगरला ठाणं पडलं, ते याच शिकवणीत वाढलेल्या मंडळींच्या हातून. नाव न ऐकता मेलेल्या कोट्यवधींना वाचवायची तळमळच त्यांना समुद्रापार घेऊन आली होती.

नगरच्या मिशनमध्येच हा प्रश्न उघडपणे विचारणारा माणूस निघाला, ही गोष्ट आमच्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. डॉ. रॉबर्ट ह्यूम. १८४७ साली मुंबईत जन्मलेले, मिशनरी आईबापांचे पुत्र, नगरच्या थिऑलॉजिकल सेमिनरीचे संस्थापक, पुढे कवी ना. वा. टिळकांचे स्नेही. १८८६ साली रजेवर अमेरिकेत असताना अँडोव्हर इथे त्यांनी एका मताबद्दल सहानुभूती दाखवली. ज्यांच्या कानी आयुष्यात ख्रिस्त पडलाच नाही, त्यांना मृत्यूनंतर ती संधी मिळत असेल, असं ते मत. त्या काळी मिशनरी पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या संस्थेत यावर रणच माजलं होतं. ह्यूमसाहेबांना हिंदुस्थानात परत पाठवावं की नाही, याचा निर्णय अडून राहिला. अखेर १८८७ साली ते परतले. १८९९-१९०० च्या दुष्काळात त्यांनी केलेल्या कामाबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. त्याच दुष्काळात माझी पणजी मिशनच्या दारात आली.

मी या दोघांना एकाच शहरात, एकाच वर्षात पाहते आणि माझं मन भरून येतं. ह्यूमसाहेबांच्या बाजूने पंडितांनी पेत्राच्या पत्रातली वचनं शोधली होती: ख्रिस्ताने बंदीतल्या आत्म्यांना घोषणा केली, मेलेल्यांनाही सुवार्ता सांगण्यात आली. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात ‘अधोलोकात उतरला’ हे आपण म्हणतोच. पणजीला यातलं काही माहीत नसावं. तिला एकदा कुणीतरी, मंडळीतल्याच कुणीतरी, तुझे आईबाप कुठे असतील गं, असं विचारलं. ती म्हणाली, “लाजरापाशी.” समोरच्याने बाप्तिस्म्याची आठवण करून दिली. त्यावर तिने विचारलेला प्रश्न आमच्या घरात अजून जसाच्या तसा सांगतात: “लाजराला कुनी इचारलं व्हतं का?”

मी तो अध्याय पुन्हा पुन्हा वाचून पाहिला. खरंच कुणी विचारलेलं नाही. लाजराच्या श्रद्धेविषयी, प्रार्थनेविषयी, पापांविषयी एक अक्षर नाही. आयुष्यात त्याने दुःख भोगलं, आता इथे त्याला सांत्वन आहे, एवढंच अब्राहाम सांगतो. हा दाखला म्हणजे परलोकाचा नकाशा नव्हे, हे मला मान्य आहे. एका गोष्टीवर सगळा सिद्धांत उभारू नये, हेही. पण ज्वाळेचा भाग खरा धरून सांत्वनाचा भाग सोडून देणारे पुष्कळ भेटतात. पणजीने दोन्ही धरले. शिक्षण फारसं नसलेल्या त्या बाईचं हे वाचन मला अनेक भाष्यांपेक्षा काळजीपूर्वक केलेलं वाटतं.

आता वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न उरतो तो ‘सार्वकालिक’चा. त्याला माझ्याकडे छातीठोक उत्तर नाही. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती पंडिताने आणि चौथ्यात निस्साच्या ग्रेगरी या बिशपने आशा धरली की शेवटी सगळेच देवाकडे परततील, तो अग्नी शुद्ध करणारा असेल. बिशप ऑगस्टीनने ती आशा ठामपणे नाकारली आणि पश्चिमेकडची मंडळी त्याच्यामागे गेली. सहाव्या शतकात ओरिगेनच्या मतांचा धिक्कार झाला, ग्रेगरी मात्र आजही संत आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात सर्व माणसांचं तारण व्हावं ही देवाची इच्छा आहे असं म्हटलंय, आणि मत्तयात सार्वकालिक शिक्षा आहे. मी पहिल्या वचनाने इतरांसाठी प्रार्थना करते आणि दुसरं स्वतःला उद्देशून वाचते. उलटं करायला माझा हात धजत नाही.

ताकीद कशासाठी असते, हे मला योना संदेष्ट्याने शिकवलं. ‘चाळीस दिवसांचा अवकाश आहे, मग निनवे धुळीस मिळेल.’ या घोषणेत ‘जर’ नाही, ‘तर’ नाही. आणि निनवे धुळीस मिळालं नाही. राजा गोणपाट नेसून राखेत बसला, गुराढोरांनासुद्धा उपास घडले, देवाने अरिष्ट आवरलं. योनाचा भविष्यवाद खोटा ठरला, आणि खोटा ठरावा म्हणूनच देवाने त्याला पाठवलं होतं. यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात हाच नियम म्हणून सांगितला आहे: ज्या राष्ट्राविषयी मी नाशाचं बोललो ते वळलं, तर मीही वळेन. योनाला याचाच राग आला. तो शहराबाहेर मांडव घालून शहराचं काय होतं ते पाहायला बसला होता. लहानपणीच्या त्या वक्त्याची मला पुष्कळदा योनाच्या या बसण्यावरून आठवण होते.

शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हाही येशूने असंच केलं. ती माणसं जास्त पापी होती का, या चर्चेला त्याने थारा दिला नाही. नाही म्हणाला, आणि लगेच वळून विचारणाऱ्यांनाच म्हणाला, तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल. पाठोपाठ त्याने अंजिराच्या झाडाची गोष्ट सांगितली: मालक तोडायला निघाला, माळी म्हणाला, आणखी एक वर्ष राहू द्या, मी आळं खणतो, खत घालतो. लूकने त्या झाडाचं पुढे काय झालं ते सांगितलेलं नाही.

पणजी लाजराची गोष्ट दाराबाहेरच्या बाजूने ऐकत होती. तिची पतवंडं आम्ही शिक्षक झालो, नर्स झालो, इंजिनियर झालो, पुण्यात फ्लॅट घेतले. आता आम्ही दाराच्या आत आहोत. दाखल्यातल्या श्रीमंताने लाजराला मारलं नव्हतं, हाकललंही नव्हतं. तो येताजाता फक्त त्याच्यावरून पुढे जात होता, आणि तेवढं पुरलं. आमच्या सोसायटीत जिने झाडणाऱ्या बाईंना लिफ्ट वापरायला मनाई आहे. सात मजले, हातात बादली. कुणाच्या घरात काही सांडलं की खिडकीतून वॉचमनला हाक जाते, “तिला वर पाठवा.” हे वाक्य मी पहिल्यांदा नीट ऐकलं त्या दिवशी मला सोळावा अध्याय आठवला, आणि तेव्हापासून दरवेळी आठवतो. मागच्या सर्वसाधारण सभेत मी लिफ्टचा विषय काढला. चर्चा झाली, पुढच्या वेळी पाहू म्हणाले. पुढच्या सभेसाठी तो मी लेखी दिला आहे, आणि अर्जात त्या बाईंचं नाव लिहिलं आहे, पूर्ण, आडनावासकट. त्यासाठी मला त्यांना ते विचारावं लागलं, कारण इमारतीत ते कुणालाच माहीत नव्हतं.